कुवेतला गेले आणि ऑर्विन पाहून आले

परत आल्यापासून सिन्नरमध्ये जो भेटतो तो एकच विचारतो, "काय, उन्हानं भाजून निघालात ना?" मी सांगते की थंडीनं दात वाजले, तर समोरच्याला वाटतं बाई काहीतरी लपवताहेत. जानेवारीत कुवेतला रात्री दोन पांघरुणं लागतात हे मला पोटच्या पोरीनं सांगितलं नव्हतं. ऋतुजानं फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, ती म्हणजे खसखस आणू नकोस. तिकडच्या कायद्यात खसखस बसत नाही म्हणे. म्हणून मी अनारसे रव्यावर थापले, गरम मसाला नव्यानं कुटला, बॅगेचे कोपरे ब्रशनं झाडले आणि एवढ्या गडबडीत स्वेटर पलंगावरच राहिला.

दुसरी अडचण अशी, की कुवेतबद्दल सांगायला बसले की माझी गाडी हमखास अमेरिकेला जाते. कुवेतचे ते निळ्या गोळ्यांचे उंच मनोरे मी पाहिले, समुद्र पाहिला, वाळवंटात तंबू ठोकून बसलेली माणसंही पाहिली. पण खडान्‌खडा माहिती झाली ती ऑर्विन नावाच्या एका गावाची. हे गाव अमेरिकेत आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी आहे. मी तिथे गेलेले नाही आणि जाण्याची शक्यताही नाही. तरी तिथल्या खालच्या आळीत कोण कुणाशी बोलत नव्हतं ते मला विचारा.

सबाह अल-सालेम

माझी मुलगी ऋतुजा आणि जावई मंदार सबाह अल-सालेम नावाच्या वस्तीत राहतात. वस्ती म्हणजे मातकट रंगाचे तीनमजली बंगले, प्रत्येकापुढे माणसांपेक्षा जास्त गाड्या, आणि कुठे कुठे कुंपणाच्या भिंतीला बाहेरून बसवलेला थंड पाण्याचा कूलर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं प्यावं म्हणून घरमालक तो बसवतात. आपल्याकडे पाणपोईवर पाण्यापेक्षा देणगीदाराचं नाव मोठं असतं, इथे नाव दिसलं नाही म्हणून मी दोन-तीन कूलर मागून-पुढून पाहिले. मंदारनं सांगितलं की असं लोकांच्या भिंतीमागे डोकावू नका, आई.

मंदार मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर आहे आणि पहाट व्हायच्या आत बाहेर पडतो. पहिल्याच सकाळी मी गारठले. ऋतुजाचे स्वेटर मला दंडात अडकतात, म्हणून मंदारचं कामावरचं जुनं जाकीट साडीवर चढवलं. ते नारिंगी होतं, त्यावर चमकणारे पट्टे होते आणि पाठीवर इंग्रजीत सुरक्षा प्रथम असं लिहिलेलं होतं. त्या अवतारात मी खुब्ज आणायला निघाले. खुब्ज म्हणजे इथली भट्टीतली पोळी. ती आपल्या फुलक्यासारखी फुगते आणि घरी नेईपर्यंत निम्मी तोंडातच संपते.

फाटकाशी एक उंच, गोरी, वयस्कर बाई पायघोळ झगा घालून उभी होती. हातात गरम खुब्जची चवड. या घरमालकीणबाई असणार हे मी ताडलं. विमानात पाठ केलेलं अरबी सुप्रभात, "सबाह अल-खैर" म्हटलं. त्यावर त्या अरबीत बरंच काही बोलल्या. मी मान हलवत गेले. शेवटी त्यांनी एकदा माझ्या जाकिटाकडे पाहिलं आणि स्वच्छ अमेरिकन इंग्रजीत विचारलं की गॅस गळतोय का, आणि घर रिकामं करायचं आहे का.

माझं इंग्रजी सहकारी बँकेच्या पत्रव्यवहारातलं. चौतीस वर्षं नोकरी केली तिथे, त्यामुळे कळवण्यात अत्यंत आनंद होतो की वगैरे लावल्याशिवाय माझं वाक्य सुरूच होत नाही. तसं वाक्य जुळवून मी कळवलं की मी ऋतुजाची आई आहे आणि गळत काही नाही. बाई भिंतीला टेकून हसल्या. मग म्हणाल्या, "मग तुम्ही उम्म ऋतुजा. मी उम्म यूसुफ. आत या, चहा घेऊ."

उम्म म्हणजे आई. पहिल्या मुलाच्या नावानं बाईला हाक मारायची, ही इथली रीत. मला ती अजिबात परकी वाटली नाही. आमच्या गल्लीतही मी कितीतरी वर्षं ऋतूची आईच होते. माझं नाव कुमुद आहे हे दूधवाल्याला मी निवृत्त झाल्यावर कळलं.

तळमजला

उम्म यूसुफचं मूळ नाव कॅरल. यूसुफचे वडील तरुणपणी इंजिनियरिंग शिकायला आयोवात गेले, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ही त्यांना भेटली, आणि लग्न करून ती जी इकडे आली ती इथलीच झाली. नवरा जाऊन काही वर्षं झाली. मुलगा दुसऱ्या वस्तीत राहतो आणि शुक्रवारी नातवंडं घेऊन येतो. बाकीचे दिवस तळमजल्यावर ही एकटी, आणि वरच्या मजल्यांवर भाडेकरू.

मी शाकाहारी आहे हे ऐकून तिनं माझ्यासाठी खास सूप केलं. चव फार छान होती. दुसरी वाटी घेतल्यावर मी कृती विचारली, तर ती म्हणाली, सोपं आहे, कोंबडी दोन तास उकळायची आणि मग सगळे तुकडे नीट काढून टाकायचे. मी वाटी हळूच खाली ठेवली. घरी येऊन ऋतुजाला सांगितलं तर ती सोफ्यावर आडवी होऊन हसली. दुसऱ्या दिवशी मी थालीपीठ घेऊन खाली गेले आणि स्वयंपाक माझ्याकडे, चहा तुझ्याकडे अशी वाटणी करून टाकली.

त्या चहात तिचं माहेरगाव ऑर्विन निघालं. मिसिसिपीच्या तळाशी जाड शिंपले असतात. ते काढायचे, त्यांतून गोल चकत्या कापायच्या आणि त्यांची शर्टाची बटणं करायची, हा गावाचा धंदा. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि गावाचं घड्याळ त्यावर लागायचं. तयार बटणं खोक्यांतून घरोघर यायची. बायका आणि पोरी ओसरीवर बसून ती पुठ्ठ्याच्या कार्डांवर शिवायच्या. कॅरलची आई शिवायची, कॅरल शिवायची, सगळी आळी शिवायची.

मी म्हटलं, "म्हणजे आमचं सिन्नर." मग मी तिला विड्या सांगितल्या. मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची पानं नि तंबाखू, बायकांची बोटं चालताहेत आणि तोंडंही. आमच्या सासूबाई जन्मभर विड्या वळत होत्या आणि गावातल्या प्रत्येक घराची बातमी त्यांच्या सुपावरून गेली होती. कॅरलनं कप खाली ठेवला आणि माझा हात धरला. पन्नासेक वर्षांत ही गोष्ट समजावून न सांगता समजलेली मी पहिलीच, असं ती म्हणाली. मला भारी अभिमान वाटला, त्यात माझं कर्तृत्व काहीच नसलं तरी.

पुढे प्लॅस्टिकची बटणं आली आणि कारखाना बसला. हे ऐकून मी रात्री जेवताना मंदारकडे रोखून पाहिलं, कारण प्लॅस्टिक तेलापासून होतं एवढं मलाही माहीत आहे. मंदार म्हणाला की तो फक्त पंपांची देखभाल करतो.

समुद्राकाठी

एका सकाळी कॅरल मला समुद्रावर घेऊन गेली. तिची गाडी आमच्या सिन्नरच्या देवघराएवढी उंच, आणि चढायला स्टूल लागतं. ती ज्या वेगानं चालवते त्याबद्दल मी लिहिणार नाही, कारण हे ऋतुजा वाचणार आहे. समुद्र मात्र शहाण्या मुलासारखा शांत होता. काठाला जुन्या धाटणीची लाकडी गलबतं उभी होती. यूसुफचे खापरपणजोबा अशाच गलबतातून मोती काढायला बुडी मारायचे. नाकाला चिमटा, पायाला दगड. मग जपानी लोक मोत्यांची शेती करायला लागले आणि इथलाही धंदा बसला.

"मी शिंपल्यांच्या गावातून निघाले आणि शिंपल्यांच्या गावात आले," कॅरल म्हणाली. तिथेच बाकावर बसून तिनं मनातलं सांगितलं. ऑर्विनच्या वाचनालयात जुन्या बटणवाल्यांचा एक मेळावा होता. तिच्या भाचीच्या ओळखीनं आयोजकांनी तिला व्हिडिओवरून पाच मिनिटं बोलायला बोलावलं होतं. ती हो म्हणाली होती आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती.

मी विचारलं, भीती कसली?

"इथे मी अजून अमेरिकन बाई आहे. तिथे आई गेली, बहीण गेली. आता तिथेही मला कुणी ओळखलं नाही, तर मी कुठलीच राहणार नाही."

मला सिन्नर सोडून कुठे राहावं लागलं नाही, ही केवढी चैन आहे हे त्या बाकावर समजलं. पण रडण्यापेक्षा काम बरं, असा माझा स्वभाव. आमच्या महिला मंडळाची मी कैक वर्षं चिटणीस होते. हळदीकुंकवापासून वक्तृत्व स्पर्धेपर्यंत एकही कार्यक्रम माझ्या हातून पडलेला नाही. मी तिला कळवलं की भाषणाची जबाबदारी आता माझी.

तालीम

तिनं लिहिलेलं भाषण तिनं मला वाचून दाखवलं. गाव कधी वसलं, नदी किती रुंद, कारखाना कुणी काढला. मधल्या परिच्छेदात मला डुलकी लागली. ती म्हणाली, वाईट आहे ना? मी म्हटलं, वाईट नाही, पण यात माणूसच नाही. तुझ्या शेजारी कोण राहायचं? चिकट कोण होतं? कुणाचं लग्न मोडलं?

मग बाई खुलली. शेजारी मिसेस हॅन्सन, ती दुसऱ्यांची कार्डंसुद्धा उलटून टाके तपासायची. समोर श्मिट कुटुंब. त्यांच्याकडे पियानो होता आणि तो वाजवता कुणालाच येत नव्हता. टेकडीवर कारखान्याच्या मालकांची आणि डॉक्टरांची घरं, खाली नदीकाठी बाकीचे सगळे. टेकडीवरच्या मुलानं खालच्या मुलीशी लग्न केलं की दोन्हीकडचे चर्चला वेगवेगळ्या दारांनी जायचे. नदीला पूर आला की खालची आळी गाद्या डोक्यावर घेऊन टेकडीवर जायची आणि तेवढे दिवस सगळे भाऊ-बहीण. पाणी ओसरलं की पुन्हा दोन दारं. मी म्हटलं, हे सांग. हे कुणालाही कळेल.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे मात्र मी जरा वाहवत गेले हे मान्य करते. माझ्या मते कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन हवं. कॅरलकडे समई कुठून असणार? तिनं ऊदाचं धूपपात्र काढलं, त्यात निखारा ठेवला, वर सुगंधी लाकडाचा तुकडा. खोलीत इतका धूर झाला की छताला लावलेलं धुराच्या इशाऱ्याचं यंत्र किंचाळायला लागलं. वरून मंदार अनवाणी धावत आला आणि त्यानं आम्हा दोघींना आधी अंगणात काढलं. त्याची नोकरीच तशी, त्यामुळे तिथे उभं करून त्यानं आम्हाला दहा मिनिटं आगीचे प्रकार समजावले. दीपप्रज्वलन रद्द झालं.

पण आभारप्रदर्शनावर मी हटले नाही. शेवटी काय म्हणशील असं विचारल्यावर तिनं हात हलवून दाखवला आणि म्हणाली, सगळ्यांना धन्यवाद, बाय. मला ते बघवेना. अहो, सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही. आमच्याकडे मांडववाल्यापासून लाऊडस्पीकरवाल्यापर्यंत एकेकाचं नाव घेतात, मग लोकांना उठता येतं. मी तिला सांगितलं, तुला त्या गावात ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्यांचे नावानिशी आभार मान. जिवंत असोत नसोत. ती म्हणाली, अमेरिकेत असं करत नाहीत. मी म्हटलं, भाषण कुणाचं आहे? ऋतुजा मध्ये पडली आणि म्हणाली, आई, भाषण त्यांचंच आहे. पण तोवर कॅरल नावं आठवत बसली होती आणि एकेक नाव आठवताना तिचा चेहरा असा होत होता की ऋतुजानंही तिच्यापुढे कागद सरकवला.

ऑर्विन

मेळावा त्यांच्या सकाळचा, म्हणजे आमच्या तिन्हीसांजेचा. मशिदीतली बांग होऊन गेली होती. मंदारनं तळमजल्यावरच्या मोठ्या टीव्हीला लॅपटॉप जोडून दिला. कॅरलनं इस्त्रीचा निळा झगा घातला, केस विंचरले, आणि मग पुन्हा विंचरले. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं तिच्या शेजारी बसले. ऋतुजा माझ्या कानाशी, कारण तिकडचं भराभर इंग्रजी मला झेपत नाही.

पडद्यावर ऑर्विन उघडलं. मी काय काय कल्पना केली होती, आणि समोर थेट आमच्या सिन्नरच्या वाचनालयासारखा हॉल. घडीच्या खुर्च्या, कॉफीचे कागदी कप, पांढरी डोकी, आणि मागच्या रांगेत एक आजोबा झोपलेले. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. व्यासपीठावर एक तरुण मुलगी होती. तिनं हसून सांगितलं की आता आपल्या कुवेतच्या खास पाहुण्या आपल्याशी बोलतील, आणि कॅरलचं सासरचं आडनाव चुकीचं उच्चारलं.

पाहुण्या हा शब्द कॅरलला लागलेला मी पाहिला. तिचे हात कागदावर घट्ट झाले. ती वाचायला लागली, पण आवाज खोल गेलेला. मधेच चित्र अडकलं, मग पुढे सरकलं. पुराच्या गाद्यांच्या गोष्टीला लोक थोडे हसले. पण कुणी तिला ओळखलंय असं काही दिसेना. लोक आदरानं ऐकत होते, जसं आपण परगावच्या वक्त्याचं ऐकतो. मी मनात म्हटलं, कुमुद, तू या बाईला आणखी खड्ड्यात घातलंस.

मग आभार सुरू झाले. पहिली कार्डं शिवायला शिकवल्याबद्दल मिसेस हॅन्सन. पियानोखाली लपू दिल्याबद्दल श्मिट. बटणांची खोकी आणणारा ट्रकवाला, कॉलेजला जाताना डबा देणारी चर्चमधली स्वयंपाकीण, डॉक्टर, पोस्टातली बाई. एकेका नावासरशी एखादं डोकं हलायचं. नावं संपली. कॅरलनं कागद खाली ठेवला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या, सभ्य, आटोपशीर. निवेदिका म्हणाली, आपल्या पाहुण्यांचे आपण आभार मानू या आणि पुढे जाऊ या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. चाकांचा वॉकर ढकलत ती सरळ पुढे आली. निवेदिकेनं तिला थांबवायला हात केला तो तिनं बाजूला सारला. ती कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की आम्हाला फक्त तिची हनुवटी आणि चष्म्याचा अर्धा भाग दिसत होता.

"कॅरल," हनुवटी म्हणाली, "सगळ्या आळीचं नाव घेतलंस. माझं कुठे आहे?"

चिटणीसपदाच्या इतक्या वर्षांत मी एकाच गोष्टीला भ्यायले आहे, आणि ती हीच. आभारात एक नाव राहिलं की त्या घरचं हळदीकुंकू कायमचं तुटतं. मी कॅरलकडे पाहिलं. ती टीव्हीच्या दिशेनं पुढे झुकली होती.

"लॉइस?"

"लॉइसच. तुझ्या आईच्या ओसरीवर तुझ्या शेजारी कोण बसायचं? त्या ट्रकवाल्याचं नाव आठवतं तुला, आणि माझं नाही?"

कॅरलनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण लॉइसचं संपलं नव्हतं. कॉलेजला जायची बस चुकेल म्हणून कॅरलनं लॉइसची सायकल मागून नेली होती. नवी होती, लाल. ती सायकल परत आली नाही. कॅरल म्हणाली की ती तिनं बसथांब्याच्या भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. लॉइस म्हणाली, तिथे नव्हती, मी त्याच संध्याकाळी जाऊन पाहिलं. कॅरलचा आवाज चढला. ठेवली होती, भिंतीच्या डाव्या बाजूला. लॉइस म्हणाली, तिथे डावीकडे भिंतच नाही. आता हॉलमधला कुणीतरी गृहस्थ मध्ये पडला आणि म्हणाला की होती, तेव्हा होती. दुसरा म्हणाला, सायकल हॅन्सनच्या थोरल्यानं नदीत टाकली. मागचे आजोबा जागे झाले आणि त्यांना सगळं पहिल्यापासून हवं होतं.

निवेदिका बिचारी घड्याळ बघत होती. तिनं ध्वनिक्षेपक घेतला आणि गोड आवाजात म्हणाली की कुवेतच्या आपल्या पाहुण्यांचा आणखी वेळ आपण घ्यायला नको.

लॉइस तिच्याकडे वळली. पहिल्यांदाच तिचा पूर्ण चेहरा आम्हाला दिसला.

"पाहुणी कसली?" ती म्हणाली. "हिनं माझी सायकल नेलीय."

सगळा हॉल हसला. पुढचा अर्धा तास मेळाव्याचा कार्यक्रम बाजूला पडला आणि खुर्च्या सरकवत माणसं एकामागून एक कॅमेऱ्यासमोर येत राहिली. कॅरलनं सगळ्यांशी भांडून घेतलं. शेवटी तिकडून कुणीतरी बटण दाबलं आणि पडदा काळा झाला.

मंदार वायर गुंडाळायला लागला. कॅरल हात मांडीवर ठेवून बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं. मी मंडळातर्फे दिलगिरी व्यक्त करायला शब्द जुळवत होते, कारण नाव राहिलं ती चूक चिटणिसाची असते.

तिनं माझ्याकडे पाहिलं. शाळेत पहिला नंबर आलेली मुलगी घरी येऊन सांगते, तशी म्हणाली, "उम्म ऋतुजा, ती माझ्यावर अजून चिडलेली आहे."